क्लोविसची चाल

"चेहरा झाकला की माणूस चालीवरून ओळखू येतो, म्हणून मी नुसता मुखवटा चढवला नाही, चालही शिकले," असं ओनेझी सोनिए एकदा म्हणाली होती. कॅप्टन थेओफिलला म्हणाली होती, आणि तेही त्याने काही विचारलेलं नसताना.

ओनेझी जन्मली ती लांस ग्रीजच्या भातगिरणीमागच्या खोलीत. तिचा बाप गिरणीत कोंडा उपसायचा. लहानपणी तिला वाटे, जगात सगळीकडे हवा अशीच पिवळसर असते आणि तिच्यातून असंच काहीतरी हळूहळू खाली बसत असतं. शाळेत घरचं फ्रेंच बोललं की बाई गुडघ्यांवर उभं करत. इंग्रजी तिला येत नव्हतं, फ्रेंच चालत नव्हतं, मग तिने बोलणंच सोडून दिलं. शाळा सुटली तरी ती सवय राहिली. गावात तिच्याबद्दल म्हणत, ओनेझीकडे गुपित टाकलं की विहिरीत दगड टाकल्यासारखं आहे, फक्त आवाजसुद्धा येत नाही.

त्यामुळेच असेल, मार्दी ग्राच्या, म्हणजे उपासकाळाच्या आदल्या मंगळवारच्या सणाच्या, मुखवट्यांचं काम तिच्याकडे आलं. नाताळ उरकला की पुरुष एकेकटे तिच्या मागच्या दाराने येत. कुणाच्या हातात जुन्या दारावरून काढलेली डासांची जाळी, कुणाकडे पिठाच्या पोत्यांचं कापड, कुणाकडे बायकोचा फाटलेला घागरा. ओनेझी जाळी कापून गुडघ्यावर वाकवायची, कडेने कापड शिवायची, म्हणजे गाल कापला जाऊ नये. मग वर भुवया रंगवायची, ओठ रंगवायची, चिंधीचं नाक लावायची. उंच टोकदार टोपी, अंगभर झालरी. आतल्याला बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरच्याला आतलं काही नाही. सणाच्या दिवशी बाया तिला कोपऱ्यात गाठून विचारत, "त्या हिरव्या नाकाच्या आत कोण आहे, एवढं सांग." ती म्हणे, "नाक माझं आहे. आत कोण आहे ते त्याला विचार."

तिचा नवरा क्लोविस हा गावातला सगळ्यात वाईट सोंगाडी. लहानपणी खेचराने त्याच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली होती. तेव्हापासून तो पाय असा बाहेर टाके, जसं काही पायात घुटमळणारं मांजर हलकेच बाजूला सारतोय. आणि प्रत्येक पावलाला उजवा खांदा जरा उशिरा पोचायचा. ओनेझीने त्याला कितीही झाकला तरी तो अंगणात उतरला की पोरंसुद्धा ओरडत, "क्लोविस आला."

"बायकोकडून पायाला पण मुखवटा शिवून घे रे," थेओफिल घोड्यावरून म्हणे.

क्लोविस जोरजोरात मान हलवी, चिरक्या आवाजात नाही नाही करी. ही रीतच होती. कुणी नाव घेतलं की मार्दी ग्राने, म्हणजे सोंगाड्याने, नाकारायचं. नाव चूक असेल तर तो थंडपणे मान हलवतो आणि पुढे जातो. नाव बरोबर असेल तर नाचून, किंचाळून, जमिनीवर लोळून नाकारतो. त्यामुळे जितकं नाकारणं मोठं, तितकी लोकांची खात्री पक्की.

भाताचं काम नसलं की क्लोविस खाली समुद्राकाठी कॅमेरॉनला कोळंबीच्या बोटीवर जायचा. एका डिसेंबरात समुद्रावर धुकं बसलं ते चार दिवस हललं नाही. ते उठलं तेव्हा बोट नव्हती. दोन माणसं किनाऱ्याला लागली. क्लोविस लागला नाही.

त्याची आई आझेमा गावाच्या शेवटच्या घरात राहायची, जिथे रस्ता संपून सायप्रसची झाडं आणि काळं पाणी सुरू होतं. तिच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरला होता. फादर मिस्साबद्दल, मेलेल्यासाठी चर्चमध्ये करायच्या प्रार्थनेबद्दल, विचारायला गेले तर ती म्हणाली, "कुणाची मिस्सा? मला माणूस दाखवा, मी मिस्सा सांगते." फादर परत आले.

त्या हिवाळ्यात क्लोविसचा पोशाख शिवून तयार होता. निळ्या-पिवळ्या झालरी, जाळीवर लालसर गाल. ओनेझीने तो खुंटीवर टांगला होता आणि रात्रंदिवस तो तिच्याकडे बघत असे. एका दुपारी तिने तो अंगावर चढवला. का, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. पोशाखात कुणीतरी असायला हवं होतं, एवढंच. त्याचे बूट मोठे होत होते, त्यांत तिने चिंध्या कोंबल्या. गोठ्यात जाऊन ती चालू लागली. आधी नुसतं लंगडणं झालं. मग मांजर सापडलं, पायाशी घुटमळणारं. मग खांदा उशिरा येऊ लागला. कितीतरी दुपारी ती अशी गोठ्यात येरझाऱ्या घालत राहिली, आणि एके दिवशी खेचराने चाऱ्यातून तोंड काढून कान टवकारले. ते खेचर क्लोविसशिवाय कुणासाठी कान हलवत नसे. ओनेझी जागच्या जागी थांबली. जाळीतून गोठा विणल्यासारखा दिसत होता, बारीक चौकोनांचा, आणि प्रत्येक चौकोनात थोडी थोडी संध्याकाळ होती.

मार्दी ग्राच्या मिरवणुकीत बायका धावत नसत. त्या घरी राहून भात रांधत, गम्बोचा दाट रस्सा ढवळत. बापजाद्यांनी फ्रान्समधून गलबतात घालून आणलेली ही रीत. आधी उत्तरेच्या थंड मुलखात रुजवली, तिथून हाकलले गेल्यावर या दलदलीत आणली. जमिनी गेल्या, गुरं गेली, गाणं आणि झेंडा तेवढा राहिला. असल्या रीतीत कुणी बोट घालत नाही. म्हणून ओनेझी सणाच्या आदल्या दिवशी थेओफिलच्या अंगणात गेली. थेओफिल मिरवणुकीचा कॅप्टन. त्याला मुखवटा नसतो. बाकीच्यांच्या आत कोण आहे हे त्यानेच जाणायचं असतं, आणि कुणी मर्यादा सोडली तर त्यानेच चाबकाने आवरायचं असतं. तो खोगिराला तेल लावत होता.

"उद्या मी येणार," ती म्हणाली.

"गम्बोकडे कोण बघणार?"

"तुझी बायको."

"ओनेझी, बाई धावत नाही. तुला माहीत आहे."

ती वळली. अंगणाच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली. अंगावर घरातला साधा झगा होता, डोकं उघडं. पण चाल ती होती. थेओफिलचा हात खोगिरावर थांबला. त्याने तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ तो भिंतीकडे बघून तेल लावत राहिला. तेव्हाच ती ते वाक्य म्हणाली, चाल शिकल्याचं.

"मागे राहा," शेवटी तो म्हणाला. "आणि पिऊ नकोस. तो दोन घोटांत पडायचा."

दुसऱ्या दिवशी धुक्यातून मिरवणूक निघाली. पुढे घोडे, मागे ट्रॅक्टरला जोडलेली गाडी. भाताच्या खाचरांत पाणी साचलेलं, त्यावर पांढरी बदकं, आणि कुठे रस्ता संपतो नि पाणी सुरू होतं हे कळत नव्हतं. टोकदार टोप्या धुक्यात एकामागून एक तरंगत होत्या. प्रत्येक घराशी सगळे थांबत. थेओफिल एकटा पांढरा झेंडा घेऊन ओसरीपाशी जाई आणि विचारी, "मार्दी ग्रा येऊ द्यायचे का?" घरधनी मान हलवी, झेंडा खाली येई, आणि ते सगळे वेडेवाकडे, गुडघ्यांवर रांगत, झाडांवर चढत अंगणात घुसत. ते जुनं गाणं म्हणत. सणाचं असून ते आनंदाचं नव्हतं. रिकाम्या घरात दार हलावं तसा त्याचा सूर. मग कुणी घरच्या बाईबरोबर नाची, कुणी हात पसरी, आणि शेवटी गम्बोसाठी एक कोंबडी हवेत उडवली जाई, तिच्यामागे सगळे चिखलात.

ओनेझी उतरली की घराघरांतून हसणं थांबायचं. लोक त्या पायाकडे बघत. कुणी नाव घेतलं नाही. बाया तिला नाणं देताना तिच्या तळव्यावर हात थोडा जास्त वेळ ठेवत.

नाव घेतलं ते आझेमाने. शेवटच्या घरात ती चुलीपाशी बसली होती. दारातून आलेलं पाऊल तिने ऐकलं आणि ती उठून उभी राहिली.

"क्लोविस," ती म्हणाली.

ओनेझी घाबरली. आणि घाबरून तिने तेच केलं जे गावातल्या कुणीही केलं असतं: रीतीप्रमाणे नाकारलं. चिरक्या आवाजात ओरडली, मान हलवली, टोपी पडेपर्यंत हलवली, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी नाही नाही केलं. ती जितकी नाकारत गेली, तितका म्हातारीचा चेहरा उजळत गेला.

"बघा," आझेमा दाराशी जमलेल्यांना म्हणाली. "म्हणे बुडाला."

तिथून पुढे तो दर वर्षी आला. येणं भाग होतं. ओनेझी दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून कपाळाला राख लावून सासूकडे जायची, अंडी द्यायची, तिचे केस विंचरायची आणि ऐकून घ्यायची.

"काल आला होता. बारीक झालाय. तू कुठं होतीस?"

"गम्बो ढवळत होते, मामाँ."

"नवरा वर्षातून एकदा येतो आणि ही गम्बो ढवळते," आझेमा छताकडे बघून म्हणायची, जणू तिथे बसलेल्या कुणीतरी याचा न्याय करायचा आहे.

बाकीचं वर्ष क्लोविस कुठे असतो, हे आझेमा कधी विचारत नसे. ओनेझीलाही ते हळूहळू विचारावंसं वाटेना. वर्षभर ती ओनेझी असायची, आणि एक दिवस नसायची. त्या दिवशी गोठ्यातून बाहेर पडताना तिला वाटे, आपण मागे कुठेतरी घरात बसलो आहोत आणि हा दुसराच कुणी चिखल तुडवत चालला आहे. जाळीच्या आत तिचाच श्वास तिच्या तोंडावर येई, आणि तो तिला ओळखीचा वाटत नसे.

मग लेओन्स आला. पोर्ट आर्थरचा माणूस, विधुर, भातशेतीच्या विहिरींचे पंप दुरुस्त करायला येणारा. तो फार बोलत नसे, आणि बोलला की आधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवी. दोन हंगाम तो तिच्या ओसरीवर कॉफी पिऊन गेला. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी म्हणाला, "माझ्या घरामागे अंजिराचं झाड आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही."

"अंजिराकडे काय बघायचं असतं?"

"तेच मला माहीत नाही. म्हणून म्हटलं, तू बघशील."

ओनेझीने दोन दिवस घेतले आणि ती फादरकडे गेली. फादर म्हातारे होते, चर्चमागे लसूण लावत होते.

"लेओन्स चांगला आहे," ते म्हणाले. "पण मी लग्न कसं लावू? मिस्सा झालेली नाही. त्याची आई म्हणते तो जिवंत आहे. अर्धं गाव म्हणतं दर मंगळवारी, म्हणजे त्या मंगळवारी, तो कोंबड्या पकडतो. मी रजिस्टरात मेला असं लिहू?"

"गावाला माहीत आहे ते काय आहे."

"गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आझेमाला सांग म्हणजे झालं. तिने मिस्सा सांगितली की मी उपासकाळ संपताच लावून देतो."

आझेमाला ओनेझीने आडून विचारून पाहिलं होतं. उत्तर ठरलेलं होतं: "माझ्या स्वयंपाकघरात नाचून गेलेल्याची मिस्सा?" आणि लेओन्स म्हणाला होता, राखेच्या बुधवारी मी परत जाणार, त्याआधी हो की नाही ते सांग, नाही म्हणालीस तरी अंजीर पाठवीन, पण हंगामाला दुसऱ्या गावी जाईन.

म्हणजे एकच रस्ता उरला होता. आझेमासमोर मुखवटा वर करायचा. डोळे धूसर झाले तरी जवळून चेहरा तिला दिसत असे, आणि हातांनी तर दिसेच. त्या क्षणी क्लोविस दुसऱ्यांदा बुडणार होता, आणि या वेळी बायकोच्या हातून.

मंगळवारी सकाळी गाडीपाशी तिने थेओफिलला सांगितलं. "आझेमाकडे मी मुखवटा वर करणार."

तो घोड्याचा लगाम सारखा करत होता. "दुसऱ्याच्या घरात मुखवटा वर जात नाही. ती काही माझी आज्ञा नाही, मी बदलायला."

"मग फटका मार."

"तुला?" त्याने लगाम पुन्हा घट्ट केला. "मी बाहेर उभा राहीन. घराकडे पाठ करून. कॅप्टनने बघितलं नाही तर काही झालं नाही."

"आणि म्हातारीला काही झालं तर?"

"तेही मी बघितलेलं नसेल," तो म्हणाला आणि घोड्यावर चढला.

तो दिवस धुक्याचा नव्हता. आभाळ नुसतं राखाडी होतं, आतून पेटलेलं, सावल्या पडत नव्हत्या. घरांमागून घरं गेली. ओनेझी नाचली, हात पसरला, एका गरोदर बाईच्या ओसरीवर लोळण घेतली. पाय आपोआप मांजर बाजूला सारत होता. तिला मध्येच वाटलं, हा पाय आता आपल्याला काढून ठेवता येणार नाही; पोर्ट आर्थरला अंजिराखाली आपण अशाच चालत जाऊ आणि लेओन्सला वाटेल, बाई जरा लंगडते.

शेवटच्या घराशी थेओफिलने झेंडा दाखवला. आझेमा दारात आली.

"मार्दी ग्रा येऊ द्यायचे का, आझेमा मावशी?"

"येऊ दे. पण बाकीच्यांना अंगणातच ठेव. गिनी कोंबडी मागच्या बाजूला सोडली आहे, तिच्यामागे लाव त्यांना. तो आत येऊ दे."

थेओफिलने झेंडा खाली केला आणि घोडा फिरवून पाठ केली. सगळे आरडाओरडा करत घरामागे पळाले. ओनेझी आत गेली.

स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता. खिडकीतून आलेला उजेड टेबलावर पिठासारखा पडला होता. आझेमा चुलीपाशी बसली. ओनेझी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने डोक्यामागे गाठीकडे हात नेला.

"हात खाली घे," आझेमा म्हणाली.

हात गाठीवरच राहिला.

"माझ्या घरात मुखवटा वर जाणार नाही. तुझ्या बापानं कधी केला नाही, तू काय करणार. हात खाली घे, मला बोलायचंय. तू बोलू नकोस. बोललास तर त्या पोपटाच्या आवाजात बोलशील आणि माझं डोकं उठेल."

ओनेझीने हात मांडीवर ठेवला.

"ती पोर रोज सकाळी येते," आझेमा म्हणाली. "केस विंचरते. आधी तिचा हात हलका होता. आता जड पडतो. केसांतून फणी जाते आणि तिचं लक्ष दुसरीकडे असतं, ते कळतं. पंपवाल्याचं ऐकलंय मी. मी आंधळी आहे हे लोकांना माहीत आहे, पण त्यावरून बहिरी कशी ठरवतात कोण जाणे."

मागच्या अंगणात कुणीतरी चिखलात आपटलं आणि बाकीचे हसले.

"तू वर्षातून एकदा येतोस. नाचतोस, कोंबडी नेतोस, मजेत जातोस. बाकी सगळं वर्ष तिच्या खांद्यावर. हे बरं नाही, क्लोविस."

ओनेझीची मान आपोआप हलली. नाही, नाही. सवयीने.

"हो, तू क्लोविस नाहीस. दर वर्षी सांगतोस." म्हातारी जरा हसली, मग हसू विझलं. ती कुणाशी बोलत होती, जाळीबाहेरच्या चेहऱ्याशी की आतल्या, हे ओनेझीला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. "उद्या राख लावायला जाईन तेव्हा फादरला मिस्साचं सांगते. मेलेल्या माणसाची मिस्सा. घंटा वाजवून, सगळं रीतसर. ऐकतोयस ना?"

 ज्यासाठी ओनेझी आली होती ते हातात आलं होतं, आणि तिला वाटलं ओरडून सांगावं की नको, एवढ्यात नको, अजून एक वर्ष. वर्षातला एक दिवस तो तिच्याही घरात असे. गोठ्यात, बुटांत, खांद्यात. तो जाणार हे तिने मोजलंच नव्हतं. तिने फक्त आझेमाचं नुकसान मोजलं होतं.

"पुढच्या वर्षी या दारात यायचं नाही," आझेमा म्हणाली. "आलास तर मी झेंड्याला नाही म्हणेन. सगळ्यांनाच परत पाठवीन आणि गावाच्या शिव्या खाईन. म्हातारीला सण सोसवत नाही म्हणतील, म्हणू देत."

तिने हात पुढे केला. तो मुखवट्याकडे गेला नाही. बाहीच्या झालरीवर पडला, तिथून शिवणीवर आला आणि एक एक टाका चाचपत मनगटापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ थांबला.

"टाके चांगले आहेत," ती म्हणाली. "जा आता. कॉफी गार होतेय माझी."

ओनेझी उठली. गुडघे दुखत होते. तिला वाकून त्या पांढऱ्या केसांवर ओठ टेकवावेसे वाटले, पण मध्ये जाळी होती आणि जाळीवर तिनेच रंगवलेले लाल ओठ होते, हसणारे. आझेमाने कप उचलला होता, तोंड खिडकीकडे वळवलं होतं. ओनेझी टेबलाला वळसा घालून दारापर्यंत आली आणि बाहेर पडली.